याकोबतात्यांचं दार

याकोबतात्यांच्या अंगणात एक दार होतं. नुसतं दार. भिंत नाही, कुंपण नाही. लिंबाखाली सागवानी चौकट रोवलेली आणि तिला हिरवं दार बसवलेलं. नगरला पाटबंधाऱ्याच्या कचेरीची जुनी इमारत पाडली, तेव्हा तात्यांनी ते लिलावात घेतलं आणि बैलगाडीत घालून कोल्हारला आणलं. गावानं त्यांना वेड्यात काढलं. बकऱ्या दाराच्या बाजूनं खुशाल येत-जात, माणसांनी मात्र दारातूनच यायचं असा तात्यांचा कायदा. एकदा पाटील बाजूनं आले, तर तात्या म्हणाले, "पाटील, बकरी हाय का तुमी?" पाटील मुकाट्यानं मागे फिरले आणि दारातून आले.

दार उघडं असलं की त्यातून प्रवरा दिसे. उन्हाळी दुपारी पाण्याची एक बारीक पट्टी चमकायची, पलीकडे वाळू थरथरायची. चौकटीच्या बाहेरून पाहिली तर तीच नदी, रोजचीच. पण त्या दारातून पाहताना वाटे, पाऊल टाकलं तर आपण भलत्याच मुलखात निघू. मी तासन् तास बघत बसायची.

तात्या तीस वर्षं त्या कचेरीत साहेबाच्या दाराबाहेर पट्टेवाले होते. मुलाखतीला आलेल्यांची नावं पुकारायची, दार उघडायचं, दार लावायचं. पेन्शनीत निघाल्यावर ते पंचक्रोशीतल्या उमेदवारांची तयारी फुकट करून घेत. तयारी म्हणजे फक्त आत कसं शिरायचं, एवढीच. कडी वाजवायची नाही, उजवा पाय आधी, दार लावताना पाठ फिरवायची नाही. "घाई केली की कुरकुरतंय बघ. दाराला समदं कळतं."

दाराच्या आत एक खुर्ची मांडलेली असे. रिकामी. तिच्यात कोणी बसायचं नाही, तात्यांनीसुद्धा नाही.

"पण तात्या, आत विचारतात काय?" मी एकदा विचारलं.

"त्ये मला काय ठावं? माझी हद्द चौकटीपातुर."

लढाईचे दिवस होते. माझे बाबा मिशनच्या शाळेत मास्तर, आणि त्या वर्षी काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. मास्तरकी गेली म्हणजे शाळेनं दिलेलं घरही जाणार. मी ट्रेनिंग पास झालेली होते. बाबांच्या जागी मला घेतलं तर घर राहणार होतं, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत बाडबिस्तरा उचलायचा. मुलाखत नगरला, पंधरा दिवसांनी. आई म्हणाली, "देव बघेल." बाबा म्हणाले, "व्याकरण बघून ठेव." तात्या म्हणाले, "चालून दाव."

मग रोज दुपारी तालीम. तात्या स्टुलावरून उठत, छाती भरून पुकारत, "शांता दाऊद साळवे!" नदीवर धुणं धुणाऱ्या बाया माना वर करून बघत. पहिल्या दिवशी मी "ओ" म्हटलं. "ओ भाजीवालीला. हितं जी म्हनायचं." तिसऱ्या दिवशी माझा पदर कडीत अडकला, तर दिवसभर पुन्हा पुन्हा आत-बाहेर. मला अशी सवय लागली की घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरही मी "येऊ का?" विचारू लागले. आई म्हणाली, "ये बाई, भाकरी तुझ्या बापाचीच आहे." दुपारी डोळा लागला तरी दारंच दिसत. एकामागे एक हिरवी दारं आपोआप उघडत जायची आणि शेवटच्या दारात नदी असायची. जाग येऊच नये असं वाटे.

मुलाखतीच्या दिवशी पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं धापा टाकत मला नगरला पोचवलं. मिशनच्या बंगल्याशी गेले आणि बघते तर काय, उकाड्यामुळे मुलाखत घेणाऱ्या मडमबाई आणि दोन पंच व्हरांड्यातच वेताच्या खुर्च्या टाकून बसलेले. दारच नाही! पंधरा दिवसांची विद्या पाण्यात. मी पायरीशी उजवा पाय उचलून तशीच उभी राहिले. मडमबाई म्हणाल्या, "अगं ये ना, पाय मुरगळला का?" मला हसूच फुटलं. हसले आणि भीती कुठल्या कुठे गेली. सहा प्रश्न विचारले. शेवटचा होता, ही नोकरी तुला का हवी? मी खरं तेच सांगितलं. घर राहावं म्हणून, आणि पहिल्यांदा वाचता आलं की पोराचा चेहरा बदलतो, तो बघायला आवडतो म्हणून. नोकरी तिथल्या तिथे मिळाली.

संध्याकाळी कोल्हारला उतरले तर तात्या रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर बसलेले. दुपारपासून बसले होते म्हणे. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "लागली. पाय सांगत्यात तुजं."

दार नव्हतं हे मी चाचरतच सांगितलं. त्यांना वाईट वाटेल अशी भीती होती, पण ते खो खो हसले. मग खाली बघत हळूच म्हणाले, "शांते, आत काय इचारलं?"

मी सहाही प्रश्न सांगितले. तात्यांनी दोन परत सांगायला लावले.

"मी सातवी पास हाय, ठावं हाय तुला?" ते म्हणाले. "येकदा कचेरीत कारकुनाची जागा निगाली. म्या बी अर्ज केला. यादीत माजं नाव शेवटी. धा जनांची नावं पुकारली म्या, आन मग माजं आलं. आपलंच नाव कसं पुकारायचं, पोरी? घसाच उघडंना. आतनं साहेब म्हनला, कोन हाय का? कोनच बोललं न्हाई. गैरहजर लिवलं त्यानं."

"अहो, आत जाऊन सांगायचं ना!"

"पुकारल्याबिगर आत कसं जायाचं?"

मला फार वाईट वाटलं. रागही आला, कुणाचा ते कळेना. ऊन उतरलं होतं, धूळ खाली बसत होती, रस्त्यावर आम्ही दोघंच. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि छाती भरून ओरडले, "याकोब संतू गायकवाड!"

तात्या दचकले. मग दगडावरून उठले. कोटाचं वरचं बटण लावलं, टोपी सारखी केली.

"जी."

दोन पावलं चालून ते माझ्यासमोर उभे राहिले. मी विचारलं, "ही नोकरी तुम्हाला का हवी?"

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"आता नगं, बाई," ते म्हणाले. मला बाई म्हणण्याची ती त्यांची पहिलीच वेळ. "पर कुनी इचारलं, लई बरं वाटलं."