इपोलितने जिंकलेला वाद

वादात इपोलितला हरवेल असा माणूस गोव्यात अजून जन्माला यायचाय! हे माझं मत नाही, खुद्द इपोलितचं आहे, आणि समोरचा नीट टेकायच्या आत तो ते सांगून टाकतो. मासळीत श्रेष्ठ कोण, फुटबॉलची कुठली मॅच पंचाने घालवली, काजू चांगला की फणस, विषय कुठलाही काढा. इपोलितची बाजू ठरलेली असते. तुमच्या विरुद्धची!

तीस वर्षं परदेशी बोटींवर स्वयंपाकी म्हणून काढून तो आमच्या माडाभाटात परतला. बायको एस्पेरांसा जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी लिस्बनला असते. रविवारी तिचा फोन येतो, "पपा, जेवलात?" एवढं विचारतो आणि बंद होतो. त्यामुळे इपोलितचा सगळा जीव घरापुढच्या बल्कांवात. दारापुढे उघडा ओटा आणि समोरासमोर दोन दगडी बाकं. एका बाकावर इपोलित. समोरच्या बाकावर बॉस्तियांव, निवृत्त पोस्टमन, दमेकरी, चार घरं पलीकडे मुला-सुनेकडे राहणारा. आणि पायरीवर शेजारची कॅरुबीन, दोघांनाही "बरोबर" म्हणण्याचं काम तिच्याकडे. ही सभा पाच ते सात चाले. उरलेले बावीस तास इपोलित पाच वाजायची वाट बघत असे, पण हे तो कुणाला सांगत नसे.

त्या वर्षी मार्चात नव्या साथीच्या बातम्या यायला लागल्या आणि सभेला आयता विषय मिळाला.

"सर्दी आहे रे, सर्दी!" बॉस्तियांवने पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "आपल्या उन्हात असले रोग टिकत नाहीत. संध्याकाळी काजूचा दोन पेले उराक मारला की जंतू खलास!"

"उराकाने जंतू मरत असते ना, तर तू एव्हाना डॉक्टरच्या सुईपेक्षा स्वच्छ झाला असतास!" इपोलित म्हणाला.

"बरोबर," कॅरुबीन म्हणाली.

आता खरं सांगायचं तर इपोलितलासुद्धा ती सर्दीच वाटत होती. पण 'सर्दी' ही बाजू बॉस्तियांवने आधी घेतली! मग इपोलितला 'भयंकर रोग' ही बाजू घ्यावीच लागली. दोन दिवस वाद रंगला. पेपरातली कात्रणं निघाली. बॉस्तियांवने लसणीची पाकळी गळ्यात बांधून आणली, इपोलितने ती वासाने ओळखून सभेतून बाहेर काढली. तिसऱ्या संध्याकाळीही सामना बरोबरीत सुटायला आला, तेव्हा इपोलितने पोतडीतून त्याची बोट काढली.

"मोंबासाच्या बाहेर आमची बोट अडवली होती," तो आवाज खाली आणून म्हणाला. "एका खलाशाला ताप. फक्त एकाला! डोलकाठीवर रोगाचा पिवळा झेंडा चढला. नऊ दिवस! बंदर समोर दिसतंय, माणसं दिसताहेत, बाजारातली केळी दिसताहेत, आणि आम्ही पाण्यात. तांदूळ संपला. कांदा संपला. कुणी कुणाच्या जवळ बसेना."

बॉस्तियांव पुढे झुकला. "मग त्या खलाशाचं काय झालं?"

इथे इपोलित जरासा अडखळला. कारण तो खलाशी तिसऱ्या दिवशी टुणटुणीत होऊन डेकवर पत्ते कुटत होता! पण विजय आता दोन बोटांवर आला होता.

"गेला," इपोलित म्हणाला, आणि छातीवर क्रूस काढला.

सभा गार झाली. कॅरुबीनने पदर तोंडावर घेतला... म्हणजे तिच्या फ्रॉकला पदर नव्हता, तिने एप्रन घेतला. आणि नेमकी त्याच वेळी बॉस्तियांवची सून जेनोवेवा त्याला बोलवायला गेटाशी येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं.

"पपा, चला घरी," ती म्हणाली. "तुम्हाला दमा आहे. उद्यापासून इथे यायचं नाही."

"अगं, पण वाद अजून..."

"इपोलित अंकल बरोबर सांगताहेत! एवढं जग बघितलेला माणूस!"

इपोलित त्या रात्री विजयी वीरासारखा झोपला. दुसऱ्या दिवशी पाच वाजता बाकं पुसून बसला. साडेपाच झाले. सहा झाले. सातला डासांनी सभेचा ताबा घेतला आणि इपोलित आत गेला. चार दिवसांनी सरकारची बंदी आली, पण माडाभाट त्याआधीच बंद झाला होता. पिवळ्या झेंड्याची गोष्ट कॅरुबीनने चर्चच्या बायकांना सांगितली होती आणि तिथे पोचेपर्यंत त्या बोटीवर अकरा माणसं मेली होती!

आता झाली पंचाईत. वाद जिंकला, पण टाळ्या द्यायलाही माणूस उरला नाही. एका संध्याकाळी तो बॉस्तियांवच्या कुंपणाशी जाऊन ओरडला, "ए बॉस्तियांव! मी विचार केला! सर्दीच असावी रे ती!"

खिडकीतून बॉस्तियांवचं अर्धं डोकं वर आलं. "मला फसवतोस? पिवळा झेंडा विसरलास? जा, घरात बस!" आणि खिडकी बंद!

कॅरुबीन तर कुंपणाजवळ गेलं की हातातला झाडू उभा धरायची. मुलीशी रविवारी वाद घालून पाहिला, तर तिने पहिल्याच वाक्याला "हो पपा" म्हणून सगळा खेळ बिघडवला. उरला सकाळी सहाचा पोदेर. सालू पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन यायचा, गेटाशी दोन शब्द बोलायचा. पण त्यानेही गोष्ट ऐकली होती. आता तो पावांची पिशवी गेटाला अडकवायचा, भोंगा वाजवायचा आणि इपोलित दार उघडेपर्यंत वळणापार!

बाराव्या दिवशी इपोलित रुसला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, पण रुसला तो पाच वर्षांच्या पोरासारखा. 'नाहीच घेत पाव. बघू, कुणी विचारतं का!' भोंगा वाजला तरी तो उठला नाही. दिवसभर पिशवी गेटावर लटकत राहिली. कुणी विचारलं नाही. त्याने खिडक्या लावून घेतल्या, कालची पेज गरम केली आणि उभ्यानेच खाल्ली, कारण एकट्यासाठी टेबल पुसायचा त्याला कंटाळा आला होता.

आता आमच्याकडे माणूस जिवंत असल्याचा दाखला पंचायत देत नाही, पोदेर देतो! कालचे पाव आज गेटावर दिसले की आतला माणूस एकतर मुंबईला गेला, नाहीतर देवाकडे. आणि मुंबईच्या गाड्या तर बंद होत्या. दुसऱ्या सकाळी सालूने कालची भरलेली पिशवी पाहिली, आजची हातातच ठेवली आणि सायकल थेट कॅरुबीनच्या दारात नेली. कॅरुबीनने किंकाळी फोडली आणि चर्चची घंटा वाजवणाऱ्या जासिंतला फोन केला. जासिंतला बरेच दिवस काम नव्हतं. त्याने दुसरा प्रश्न न विचारता दोर ओढला.

माणूस गेल्याची घंटा. एक ठोका, मग लांब थांबायचं, मग दुसरा.

इपोलित अंथरुणात उठून बसला. कोण गेलं? त्याने क्रूस काढला आणि माडाभाटातली म्हातारी माणसं एकेक करून मोजायला घेतली. दुसऱ्याच नावाशी मोजणी अडली. बॉस्तियांव! त्याचा दमा! खिडकीत परवा डोकं दिसलं तेव्हा तो धापा टाकत होता का? आणि आपण त्याला काय म्हणालो, सर्दीच आहे म्हणून! मोकळ्यावर आला असेल बिचारा, आपल्याच भरवशावर! पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय गेले आणि तो पलंगाच्या कडेवर आपटला. "जेजू, तो नको," तो मोठ्याने म्हणाला. "दुसरा कोणीही ने. मी आहे की इथे रिकामा!"

तेवढ्यात गेटाशी आवाज आला.

"गेला रे माझा इपोलित! गेला!"

तो बॉस्तियांवचा आवाज होता. जिवंत, घोगरा, धापा टाकणारा बॉस्तियांव! इपोलितच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मेलेल्या माणसाला इतका आनंद झाल्याचं माडाभाटात कधी घडलं नसेल.

त्याने लगेच बाहेर जायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण जरा विचार करा, तेरा दिवसांनी त्याच्या गेटाशी माणसं जमली होती! चांगली आठ-दहा! तो पँट तशीच अडकलेली ठेवून खिडकीच्या फटीशी आला. एकच मिनिट ऐकू, त्याने ठरवलं.

"रोगानेच गेला," कॅरुबीन रडत होती. "पेटी कोण उचलणार गं बाई?"

"रोग कसला! हार्ट असेल," सालू म्हणाला. "परवा मला हाका मारत गेटापर्यंत धावला होता."

"मग थांबला का नाहीस?"

"थांबलो असतो तर मी गेलो असतो!"

बघता बघता वाद पेटला. रोग की हार्ट? पेटी बंद की उघडी? बंदी आहे म्हणून घरी बसलेली माणसं खांद्याला खांदा लावून, एकमेकांच्या तोंडावर ओरडत, रोग किती भयंकर आहे ते पटवून देत होती! इपोलित आत सुखाने ऐकत होता. किती मुद्दे चुकत होते! त्याची जीभ वळवळत होती, पण त्याने ती दातांखाली धरून ठेवली.

"तोच बरोबर होता," बॉस्तियांव नाक शिंकरून म्हणाला. "इतकी वर्षं मी त्याच्याशी वाद घातला. इतकी वर्षं तोच बरोबर होता."

इपोलितने भिंतीला टेकून डोळे मिटले. हे ऐकायला मेलं तरी चाललं असतं.

"त्याने सांगितलं होतं ना," बॉस्तियांव पुढे म्हणाला, "एडनच्या बाहेर त्यांची बोट अडवली होती..."

"चूक!" खिडकी धाडकन उघडली. "मोंबासा!"

पळापळ काय वर्णावी! कॅरुबीन एक सपात टाकून गेली, सालू स्वतःची सायकल सोडून. गेटाशी उरला फक्त बॉस्तियांव. त्याने गेट ढकललं, पावांची पिशवी काढली आणि आत शिरून कालचे कडक पाव दार उघडून बाहेर आलेल्या इपोलितच्या पाठीत घातले. एकदा, दोनदा, तीनदा. मग पिशवी टाकून त्याला मिठी मारली आणि पुन्हा रडायला लागला.

"अंतर ठेवा! अंतर!"

आरोग्य केंद्राची नर्स सुलक्षा गेटात उभी होती. तिला कुणीतरी घरात माणूस गेल्याचा फोन केला होता. पाठीत पाव बसल्यामुळे इपोलितला नेमका ठसका लागला.

"खोकला कधीपासून, अंकल?"

"आत्तापासून! यानं पाव मारले!"

"आणि डोळे लाल?"

"रडलो म्हणून!"

"का रडलात?"

"हा जिवंत आहे म्हणून!"

सुलक्षाने वहीत काय लिहिलं कोण जाणे, पण निकाल झटपट लागला. चौदा दिवस दोघांनी याच घरात. बाहेर पाऊल नाही. जेनोवेवाने कुंपणावरून सासऱ्याचं गाठोडं आणि दम्याचा पंप फेकला, सोबत चार शब्दही फेकले.

ते चौदा दिवस! सकाळी सहाला पोदेराचा भोंगा वाजायचा, गेटावर डबल पाव यायचे आणि बल्कांवात वाद सुरू व्हायचा, तो रात्रीच्या प्रार्थनेत कुणाचा सूर चुकला इथपर्यंत. इपोलित रोज टेबल पुसत होता. डुकराचं सोरपोटेल रांधत होता. फक्त दुपारी बॉस्तियांव आडवा झाला की त्याच्या छातीतून बारीक शीळ वाजायची, आणि इपोलित खुर्ची ओढून शेजारी बसायचा. शीळ थांबली की तोही श्वास धरायचा. पुन्हा सुरू झाली की सोडायचा. तिथे मात्र तो कुठलाही वाद घालत नव्हता.

पंधराव्या सकाळी सुलक्षाने दोघांना मोकळं केलं. बॉस्तियांव गाठोडं घेऊन गेटाशी थांबला.

"बघितलंस? ताप नाही, काही नाही! मी म्हटलं नव्हतं, सर्दी आहे! पाचला मागच्या वाटेने येतो. कोण बघतंय?"

इपोलितच्या तोंडाशी आलं होतं. एकच वाक्य सांगायचं होतं: तो खलाशी बरा झाला होता रे. बस! बॉस्तियांव जिंकला असता, नाचत घरी गेला असता आणि पाचला समोरच्या बाकावर हजर झाला असता. आज, उद्या, रोज.

इपोलितने त्याच्या छातीकडे बघितलं. चार पावलं चालल्यावरच शीळ सुरू झाली होती.

"मूर्ख आहेस," इपोलित म्हणाला. "चौदा दिवसांत नाही झाला, म्हणून पुढे होणार नाही? झेंडा उतरेपर्यंत घरात बसायचं. माझ्या गेटात पाय ठेवलास तर कालचे पाव आहेत अजून!"

बॉस्तियांवने गाठोडं खांद्यावर टाकलं. मग मान हलवली. "ठीक आहे बाबा. तू जिंकलास."

पाच वाजता इपोलित बल्कांवात बसला. दोन्ही बाकं पुसलेली होती. पोदेराला सांगायचं विसरल्यामुळे पाव अजून डबल आले होते. थोडा वेळ त्याने आपल्या बाकावरून भयंकर रोगाची बाजू मांडली. समोरून उत्तर येईना, तेव्हा उठून बॉस्तियांवच्या बाकावर गेला, छाती धरून थोडी धाप टाकली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "मग त्या खलाशाचं काय झालं?"

पुन्हा आपल्या बाकावर येऊन बसला.

"बरा झाला," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी. पत्ते खेळत होता."

म्हणजे वाद बॉस्तियांवने जिंकला. कुंपणापलीकडून कॅरुबीन "बरोबर" म्हणाली. मीही समोरच्या घरातल्या माझ्या खिडकीतून सगळं ऐकलं. पण झेंडा उतरेपर्यंत हे बॉस्तियांवला कुणी सांगायचं नाही, एवढं कॅरुबीनचं आणि माझं ठरलं आहे!