दौलतरावांचा आकडा

केनवडच्या दौलतरावांच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ अकोल्यास यथास्थित काढण्यात आली. यापुढे रक्तातला सीईए नावाचा आकडा वेळोवेळी तपासावा, तो वाढल्यास आजार परतल्याची शंका घ्यावी, असे ठरले. नुसत्या आकड्यावर जाऊ नका, स्कॅनही पाहावा लागतो, हे डॉक्टरांनी बजावले होते. पण एवढे लांबलचक कोण लक्षात ठेवतो! गावाने आकडा तेवढा उचलला.

मग भेटीगाठींचे धोरण आपोआप ठरले. आकडा पाचाच्या वर गेला, तर बिस्किटे-केळी घेऊन ओसरीवर बसायचे, आणि मुलगा अनुप पुण्याहून ट्रॅव्हल्सने यायचा. पाचाच्या आत असला, तर रस्त्यावरूनच रामराम. ऑपरेशननंतर तो दोनवर आला आणि दौलतरावांकडे चिटपाखरूही फिरकेना.

"काहून रे इंद्रभान, घरात ये नं!" ते शेजाऱ्याला हाक मारत.

"आता कायले? तुमी तं दोनवर हाये!" इंद्रभान गाडी न थांबवता ओरडे.

अनुप फोनवर विचारी, "बाबा, किती आला?" दोन म्हटले की "मस्त!" म्हणून फोन ठेवी.

एकदा डॉक्टर सहज बोलून गेले, की बिडी-सिगारेटनेही हा आकडा थोडा वाढतो. जन्मात बिडीला न शिवलेल्या दौलतरावांनी सत्तरीत ती सुरू केली. बायको सोजरबाई खवळल्या, "मराले जाता काय हो?"

"मराले नाही, पोराले पाह्याले," दौलतराव खोकत म्हणाले.

आकडा सहावर गेला. ओसरी भरली. अनुप आला, उशाशी बसला, बापाचे पाय चेपले. दौलतराव इतके सुखावले, की त्यांनी गुपचूप बिडीचा आणखी एक कट्टा मागवला.

स्कॅन निर्मळ निघाला. डॉक्टरांना मात्र बिडीचा वास आला आणि ते भडकले. "उद्या आजार खरंच परतला, तर मी ओळखू कसा? तुमचा आकडा आता खोटं बोलतो!"

"साहेब, खरं बोले तवा कोणी येत नव्हतं," दौलतराव मान खाली घालून म्हणाले.

सोबत आलेल्या अनुपचे डोळे भरून आले. त्याने बापाला मिठी मारली आणि तिथल्या तिथे वचन दिले, "बाबा, यापुढं प्रत्येक रिपोर्टच्या दिवशी मी स्वतः व्हिडिओ कॉल करीन. नॉर्मल असला तर मात्र नुसता मेसेज टाका."

अनुपला नावे ठेवणे सोपे आहे. आम्हीही मनसोक्त ठेवली. तुम्हीही ठेवा. फक्त त्याआधी एवढे आठवून पाहा: आईला शेवटचा फोन केलात, तेव्हा शुगर किती आली याखेरीज काय विचारले होते?