खैरनार साहेब आणि दमणारी गाडी

खैरनार साहेबांच्या गाडीत कुणाला नुसतं बसता येत नसे. बसण्याआधी आपण 'त्या दिवशी' कुठे बसलो होतो, हातात काय होतं आणि काय बोलत होतो, हे सगळं आठवावं लागे. त्या दिवशी, म्हणजे वाघोबा खिंडीच्या चढावर त्यांच्या गाडीचा पिकअप पहिल्यांदा गेला तो दिवस. मी पुढे होतो, मांडीवर जेवणाचा डबा. आमच्या कारखान्यातला चिंचणीचा तामोरे मागे होता, मांडीवर भलंमोठं कलिंगड. त्यामुळे पुढे कित्येक रविवारी गाडीची परीक्षा घ्यायला निघताना मला डबा आणि तामोरेला कलिंगड घेऊन बसावं लागलं. कलिंगडाचा हंगाम संपला तेव्हा साहेबांनी तेवढ्याच वजनाची वाळूची पिशवी भरून आणली.

"साहेब, डिकीत टाकू काय ही?" तामोरेने विचारलं.

"त्या दिवशी कलिंगड डिकीत होतं का?"

"नाय, मांडीवर होतं."

"मग मांडीवर घ्या. आणि बोलत काय होता तुम्ही दोघं?"

"पगारवाढीचं."

"तेच बोला."

"आता कसं बोलू? पगारवाढ झाली ना साहेब."

"झाली नाही असं समजून बोला."

"ते जमंल," तामोरे पिशवी कवटाळत म्हणाला. "झाली ती पन न झाल्यासारखीच हाय."

साहेब हसले नाहीत. परीक्षेच्या वेळी ते हसत नसत. त्या दिवशी कुणी हसलं होतं का, हे त्यांना आठवत नव्हतं.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात साहेब इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. दाब, तापमान, प्रवाह मोजणारी यंत्रं खरं सांगतात की खोटं, हे तपासण्याचं त्यांचं काम. मी तिथे प्रयोगशाळेत केमिस्ट. माझं गाव जव्हारच्या पुढे, डोंगरात. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिलाच. कारखान्यात लागलो तेव्हा साध्या रजेचा अर्ज लिहितानाही हाताला घाम यायचा. साहेबांनी मला जवळ बसवून अर्ज लिहायला शिकवलं, मोठ्या साहेबांसमोर कसं उभं राहायचं ते शिकवलं आणि एक वाक्य दिलं: "भोये, काटा जे दाखवतो ते लिही. काय दाखवायला हवं होतं, ते लिहू नकोस." त्या वाक्यावर माझी नोकरी टिकली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पण हा माणूस काट्याप्रमाणेच जगायचा, ही पंचाईत होती. "कसे आहात?" असं सहज विचारलं तर ते विचारत, "कशाच्या तुलनेत?" स्टेशनवरून तुमचं घर किती लांब, असं कुणी विचारलं तर उत्तर देण्याआधी पायी की रिक्षाने हे ठरवून घेत, आणि रिक्षा असेल तर वाटेत माणसं भरत जाणारी की थेट. तोंडदेखलं बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. तामोरेच्या बहिणीच्या लग्नात यजमानांनी हात जोडून "जेवण कसं झालं?" विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "जिलबी आत कच्ची आहे, बाकी ठीक." एकदा माझ्या गावी आले होते. माझ्या आईने भात आणि उडदाची आमटी वाढली. बिचारी दाराआडून बघत होती. साहेबांनी पहिला घास घेतला आणि स्पष्ट सांगितलं, "आमटीत मीठ कमी आहे." मग तीच आमटी तीनदा मागून घेतली. आई अजून सांगते, त्या सायबाला खोटं बोलायला कुणी शिकवलंच नाय.

अशा माणसाच्या गाडीला रोग जडला तो नेमका काट्यावर न दिसणारा. सपाट रस्त्यावर गाडी सुरेख चालायची. चढ आला की एकाएकी दम जायचा. इंजिन बंद पडायचं नाही, धूर नाही, आवाज नाही, समोरच्या पट्टीवर एकही दिवा नाही. नुसती रांगायची. मागून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून आमचा उद्धार करीत पुढे जायचे.

बोईसरच्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून पाहिला. "साहब, गाडी एकदम चकाचक है. मशीन में कोई कोड नहीं आता."

"कोड नहीं आता, मतलब बीमारी नहीं है क्या?"

"मैं खुद चढ़ाई पे चलाके लाया साहब. मक्खन के माफिक चढ़ी."

"तुम्हारे हाथ में चढ़ती है, मेरे हाथ में नहीं. क्यों?"

"अब वो तो गाडी को पूछो साहब."

साहेब खरोखरच गाडीला विचारू लागले. डिझेलचा फिल्टर बदलला, चढावर जाऊन आले. हवेचा फिल्टर बदलला, चढावर जाऊन आले. टर्बोचा पाइप तपासला, सायलेन्सर उतरवून आत बॅटरी मारून पाहिली. दोन गोष्टी एकदम बदलायला ते तयार नसत. "दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर गुन्हेगार कोण ते कसं कळणार?" म्हणून एक वस्तू, एक रविवार. आम्ही साहेबांच्या पालघरच्या घरून खिंडीकडे निघायचो, गाडी दमायची, वर वाघोबाच्या देवळाशी थांबायची. तामोरे उतरून हात जोडायचा. "देवा, कायतरी कर. माझी मांडी बधिर झाली."

हे सगळं विनोदी वाटेल, पण साहेबांना घाई होती, आणि तिचं कारण आम्हाला माहीत होतं. साक्री तालुक्यातल्या त्यांच्या गावी त्यांचे थोरले भाऊ होते, नाना. आईवडील लवकर गेले, तेव्हा नानांनी स्वतःची शाळा सोडून धाकट्याला शिकवलं. साहेब नोकरीसाठी बोईसरला निघाले तेव्हा एसटीपर्यंत सोडायला आलेले नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले होते, "तू गाडी ले, मंग मी समुद्र देखसू." तू गाडी घे, मग मी समुद्र बघेन. गाडी घ्यायला साहेबांना उशीर झाला. मुलांची शिक्षणं होती, घर होतं. अखेर गाडी आली, नानांना आणायचं ठरलं, आणि त्याच सुमारास खिंडीत तिचा पिकअप गेला. साक्रीची वाट म्हणजे जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, सगळे घाटच. "मधल्या घाटात गाडी दमली आणि मागून ट्रक आला तर?" साहेब म्हणत. "नानांना बसवायचं तर गाडी निर्दोष पाहिजे."

"एसटीनं आना की त्यांना," तामोरेने एकदा सुचवलं. "माज्या घरी ठेवतो. दारातच समुद्र हाय."

"ते गाडीने येणार म्हणाले होते."

"मंग भाड्याची करा."

"तू गाडी घे, असं म्हणाले होते. भाड्याची कर, असं नाही."

"र्‍हावू द्या मंग. समुद्र काय पळून जात नाय."

ते खरं होतं. समुद्र पालघरजवळ शिरगावलाही होता, तामोरेच्या चिंचणीलाही होता, रोज दोनदा भरत होता, ओसरत होता. फोनवर नाना विचारायचे, गाडी बरी झाली का? साहेब प्रामाणिकपणे सांगायचे, अजून निदान नाही. गाडी बरी आहे, चारआठ दिवसांत येतो, एवढं खोटं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. आज मला वाटतं, निघायला हवं होतं.

दिवाळीच्या आधी नानांना अर्धांगवायूचा झटका आला. साहेब मिळेल त्या एसटीने गेले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "डावी बाजू गेली. बोलतात, पण मधेच भलतंच बोलतात. डॉक्टर म्हणाले, लांबचा प्रवास आता नाही." मला वाटलं, परीक्षा संपल्या. पण पुढच्या रविवारी ते पुन्हा दारात उभे. "चल. आता इंजेक्टर." कशासाठी, असं विचारायचा धीर मला झाला नाही. तामोरेने पिशवी मांडीवर घेतली.

निदान झालं ते तामोरेच्या मासळीमुळे. कुणाकडे तरी पोचवायची म्हणून त्याने पापलेटची पिशवी पुढे माझ्या पायाशी ठेवली होती. ती वाटेत फुटली आणि सगळं पाणी दोन्ही बाजूंना वाहिलं. साहेबांनी पायाखालची जाड रबरी चटई काढून धुतली, गच्चीवर वाळत घातली. पुढच्या रविवारी ती अजून दमटच होती, म्हणून आम्ही तिच्याशिवाय निघालो. आणि गाडी खिंड अशी चढली की तामोरे मागे आपटला. "अरं देवा! हिच्यात कोन शिरला?"

साहेबांनी वाकून पायाखाली पाहिलं. वळून घरी आले, चटई घातली, पुन्हा खिंडीत गेलो. गाडी रांगली. चटई काढून डिकीत टाकली. गाडी उडाली. वाघोबाजवळचा नारळवाला शेवटी म्हणाला, "दादा, नवस बोलले हाय काय फेऱ्यांचा?"

गोष्ट एवढीच होती. कारखान्याच्या भंगारातून रीतसर गेटपास करून घेतलेला रबराचा जाड पट्टा साहेबांनी स्वतः कापून पायाखाली अंथरला होता. गाडी तापली की तो मऊ व्हायचा, पुढे सरकून ॲक्सिलरेटरच्या पेडलखाली फुगायचा, आणि पेडल अर्ध्यातच अडायचं. सपाटीला अर्धं पेडल पुरतं, चढाला पुरत नाही. पाय शेवटापर्यंत गेला असंच साहेबांना वाटे. आणि गॅरेजवाले काय करतात? गाडी हातात घेतली की आधी पायाखालच्या चटया काढून वर्तमानपत्र पसरतात. म्हणून त्यांच्या हातात ती लोण्यासारखी चढायची.

तामोरे पोट धरून हसत होता. मीही हसलो. साहेब रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले होते. चटईची गुंडाळी त्यांच्या मांडीवर होती.

"नानांचे पाय भाजतात," ते म्हणाले. "इंजिनची आच त्यांना लागू नये म्हणून ही टाकली होती. एकसारखी दिसावी म्हणून माझ्याही बाजूला टाकली."

तामोरेचं हसू थांबलं. त्याने ती गुंडाळी त्यांच्या मांडीवरून उचलली आणि स्वतःजवळ घेतली. "चला साहेब," एवढंच म्हणाला.

पुढच्या सुट्टीत साहेब गावी निघाले. जव्हारला मी गाडीत बसलो. मला त्यांना एकट्याला सोडवेना. मोखाड्याचे, त्र्यंबकचे घाट गाडी विनातक्रार चढली.

नाना ओसरीवर बाजेवर होते. साहेबांनी त्यांना उचलून, अक्षरशः कडेवर घेतल्यासारखं, पुढच्या सीटवर बसवलं, पडू नयेत म्हणून उपरण्याने सैलसर बांधलं. मी मागे बसलो. गावाबाहेर धरण आहे. भिंतीवर जाणारा चढ चांगलाच उभा आहे. साहेबांनी पाय दाबला आणि गाडी एका दमात वर गेली.

ऊन कललं होतं. पाणी खूप होतं, पण पलीकडचा काठ स्पष्ट दिसत होता. काठावर म्हशी होत्या, एक पत्र्याची शेड होती. नाना बराच वेळ पाहत राहिले. मग जड जिभेने, तुटक तुटक म्हणाले, "हाऊच का रे तुना समुद्र?"

हाच का तुझा समुद्र? मी खाली बघितलं. साहेबांचं उत्तर मला ठाऊक होतं. आयुष्यभर त्यांनी एकच उत्तर दिलं होतं.

"हां नाना," साहेब म्हणाले. "हाऊच."

नानांनी मान हलवली. थोड्या वेळाने नाक उचलून हुंगल्यासारखं केलं. "खारा वास येत नही मंग?"

"वारा उलटा शे, नाना."

वारा उलटा नव्हता. थेट पाण्यावरून आमच्या तोंडावर येत होता आणि नानांच्या उपरण्याचं टोक फडफडत होतं. साहेबांनी ते टोक हाताखाली दाबून धरलं, आणि दुसऱ्या हाताने नानांच्या बाजूची काच हळूहळू वर घेतली.