आमचा टँकर

सिद्धार्थ पेशंटच्या घरी गेला की आधी पाणी मागतो. स्टेथोस्कोप नंतर, आजार त्याच्याही नंतर. "मावशी, तांब्याभर पाणी द्या," म्हणत उंबऱ्याशी बैठक मारतो आणि ज्या माठातलं पाणी उकळून प्या असं आम्हीच थोड्या वेळाने सांगणार असतो, तेच पाणी गटागटा पितो. अंबाजोगाईच्या मेडिकल हॉस्टेलवर त्याचं नाव टँकर पडलं ते काही उगाच नाही.

मी त्याचा रूम पार्टनर. इंटर्नशिपमधली गावातली ड्यूटी आम्ही जोडीनेच केली. माझ्या पिशवीत सीलबंद बाटली, ह्याच्या पोटात अख्ख्या तालुक्याचं पाणी. "जुलाब लागून मरशील," मी म्हणायचो. "लागले तर तू हायस की बे," हे त्याचं ठरलेलं उत्तर. जुलाब त्याला लागायचेही आणि रात्रभर मी जागायचो.

दसऱ्यानंतर आम्ही एका वस्तीवर गेलो. ऊसतोडीचा ट्रक दुसऱ्या दिवशी निघणार होता. रुक्मिणबाईंची सून सुरेखा, आठव्या महिन्यातली, तीही तोडीला जाणार होती. रुक्मिणबाई दारातच आडव्या आल्या.

"तिला काय झालं न्हाई. कावून तपासायची? जा तुमी."

मी तर वळलोसुद्धा. टँकर म्हणाला, "जातो. पाणी तेवढं द्या."

आता पाण्याला नाही कोण म्हणणार? आणि पाणी पिणाऱ्याला ऊठ तरी कसं म्हणणार? तांब्या सुरेखानेच आणला. तिचे सुजलेले पाय आणि फुगलेला चेहरा बघून त्याने दुसरा तांब्या मागितला. मग तिसरा. एकेक घोट घेत तो रुक्मिणबाईंना सुजेचं, बीपीचं, बाळंतपणात येणाऱ्या झटक्यांचं सांगत राहिला. चौथ्या तांब्याला त्या म्हणाल्या, "पोट फुटंल की लेका."

"फुटू द्या. तिचं बीपी बघू दिलं तर थांबतो."

रुक्मिणबाई हसल्या आणि तिथेच आम्ही जिंकलो. बीपी इतकं चढलेलं होतं की मलाच घाम फुटला. दुसऱ्या दिवशी रुक्मिणबाईंनीच मुकादमाला सुनावलं, "यंदा पोरगा एकलाच येईल, अर्धा कोयता. सून येणार न्हाई." ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात.

सुरेखाचं बाळंतपण आमच्या वॉर्डात झालं. मुलगी झाली, दोघी ठणठणीत. रुक्मिणबाई भरला तांब्या हातात घेऊन वॉर्डभर टँकरला शोधत हिंडल्या. त्या दिवशी आमच्याइतके तोऱ्यात अख्ख्या कॉलेजात कुणी चालत नव्हतं.

हॉस्टेलवर परतताना मी विचारलं, "हे पाण्याचं खूळ आलं कुठून?"

तो म्हणाला, "आमचं घर बौद्धवस्तीतलं. आई रोज माठ घासून भरती, आल्यागेल्यासाठी. गावातली माणसं काही कामानं यायची, उभ्यानं बोलायची, तहान न्हाई म्हणायची अन् जायची. भर उन्हाळ्यात बी." मग म्हणाला, "आपल्या घरचं पाणी कुणी पेलं की लई बरं वाटतं बे."

गेल्या महिन्यात गेवराईकडच्या त्याच्या गावी गेलो. आई दारात उभ्या होत्या. मी बाटली पिशवीतच ठेवली आणि उंबऱ्याशी बैठक मारली.

"आई, तांब्याभर पाणी द्या."

त्या लगबगीने आत गेल्या. मी पूर्ण तांब्या रिकामा केला. टँकर अंगणात आमच्याकडे पाठ करून उभा होता.

"जुलाब लागतील बे," तो तसाच पाठमोरा म्हणाला.

"लागले तर तू हायस की," मी म्हणालो आणि दुसरा तांब्या मागितला.