भोंग्यावरचा मुळा

संकटात शहर किती तग धरतं आणि किती लवकर सावरतं, याचे गुण द्यायला प्राध्यापक हिराबायाशीबाई आसागिरीत आल्या, तेव्हा आपत्ती विभागाचे प्रमुख मिनोवा यांना एकच धास्ती होती. बंधारा, पाण्याचा साठा, अंथरुणं, सगळं ठीक होतं. गाडी अडायची ती गावभर सूचना ऐकवणाऱ्या भोंग्यावर. गेल्या वर्षी सूचना कळली का, असं विचारल्यावर निम्म्या गावाने 'कसली सूचना?' असं उलट विचारलं होतं. यंदाही तेच झालं तर तुमची रवानगी स्मशान विभागात, असं महापौर हसत हसत म्हणाले होते. ते हसत म्हणतात ते करतात.

मिनोवांच्या मते खरा दोष डोंगरांचा. आवाज तिन्ही बाजूंनी परत येतो, म्हणून एकेक शब्द सुटा बोलायचा असा नियम आहे. सरावाच्या दिवशी सकाळी मिनोवा तसंच बोलले. "हा... सराव... आहे. उंचावर... जा." पहिला शब्द डोंगरावरून परत आला तो नेमका दुसऱ्याच्या डोक्यावर बसला. मग त्यांनी भोंगा बंद करायचं बटण दाबलं आणि सुस्कारा सोडला. बटण नीट दाबलं गेलं नव्हतं.

मदतनीस सुगायाने डब्यात काय आहे, असं सहज विचारलं.

"काय असणार? सासूबाईंचा तांदळाच्या कोंड्यात मुरवलेला मुळा. लग्न झाल्यापासून तोच."

"आवडतो?"

"छे गं. मागच्या तळ्यातल्या माशांना घालतो. हल्ली तेही मला बघून बुडी मारतात."

मिनोवा घरजावई. आडनावसुद्धा सासूबाईंचं. एवढ्यात फोन वाजला. मासळीवाला ओत्सुका होता.

"साहेब, भोंगा चालू आहे. घाई नाही, सावकाश बंद करा."

दुपारी बाईंचे विद्यार्थी घरोघरी फिरले. उंचावर जायचं कुणाच्या लक्षात नव्हतं, पण मुळा आणि मासे शब्दन् शब्द पाठ होते. हिराबायाशीबाईंनी नियम पुन्हा वाचून पाहिले. भोंग्यावरचं बोलणं कळलं का, एवढंच त्यांनी विचारायचं होतं. कुठलं बोलणं, ते नियमात नव्हतं. त्यांनी भरघोस गुण दिले आणि स्मशान विभाग टळला.

'नाही' म्हणणारं घर एकच निघालं, खुद्द मिनोवांचं. तिथे सासूबाई तोमिएबाईंनी सांगितलं होतं, "मला बाई काही ऐकू आलं नाही. वय झालं आता."

हे कळल्यावर मिनोवांचा जीव भांड्यात पडला. वाटेत त्यांनी सासूबाईंसाठी गोड पाव घेतले आणि शीळ घालत ते घरी पोचले. जेवणाच्या मेजावर भात नव्हता, मासळी नव्हती. परातभर मुळा होता.

"बसा जावईबापू," तोमिएबाई म्हणाल्या. "आज माशांच्या वाटणीचाही तुम्हालाच वाढलाय."

मिनोवांनी हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली.