सुटीचे बूट

परिपत्रकात अकरा कलमं होती आणि त्यातलं एकही कलम वर्गात उभं राहून लिहिलेलं नव्हतं. विशेष मुलांच्या त्या शाळेतल्या सर्व शिक्षिकांनी यापुढे गडद निळा, अंगाबरोबर बसणारा कोट, सायीच्या रंगाची पँट, गळ्यात रेशमी स्कार्फ आणि अडीच इंच टाचांचे काळे बूट घालावेत, असं संस्थेच्या अध्यक्षांनी कळवलं होतं. कोटाला खिसे असणार नाहीत, कारण खिशांमुळे फिटिंग बिघडतं, असं पाचवं कलम सांगत होतं. हा पेहराव अध्यक्षांच्या पत्नीने स्वतः रेखाटला होता. त्यांनी नुकताच तीन महिन्यांचा वेशभूषेचा कोर्स पुरा केला होता आणि घरातलं कुणीही त्यांच्या हातचं अंगावर घालायला तयार नव्हतं. शिक्षिकांना नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून हा मान शिक्षिकांना मिळाला.

तिसऱ्या वर्गाच्या बाईंना सगळी शाळा खिसेबाई म्हणायची. त्यांच्या अंगात बारा महिने एक मातकट जॅकेट असे आणि त्याला नऊ खिसे होते. हे काही हौसेने झालेलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या कानातला डूल एका मुलाच्या मुठीत गेला आणि कान जाता जाता राहिला. दुसऱ्या आठवड्यात ओढणी गेली, तिसऱ्यात लांब वेणी त्यांनी स्वतःच कापून टाकली. बूट कॅनव्हासचे, कारण फाटकाकडे धूम ठोकणाऱ्या मुलामागे सँडलवर पळता येत नाही. कपडे असे, की रंग, शेंबूड, सूप, काहीही सांडलं तरी संध्याकाळी बादलीत बुडवले की संपलं. चार वर्षांत त्यांनी अक्कल खर्चून हा अवतार कमावला होता, आणि कलम अकरानुसार तो 'संस्थेच्या प्रतिमेस बाधक' ठरला होता.

एरवी खिसेबाईंनी ते परिपत्रक दहाव्या खिशात घातलं असतं. पण चार वर्षं त्या 'तात्पुरत्या' होत्या. दर एप्रिलमध्ये नोकरी संपायची, जूनमध्ये पुन्हा लागायची, आणि मधले दोन महिने त्यांना एकच घोर असायचा, की जूनमध्ये ही सहा मुलं आपल्याला मिळतील का दुसऱ्या कुणाला. यंदा त्यांना कायम करण्याचं पत्र तयार होतं. गुरुवारी अध्यक्ष वर्ग पाहणार, समाधान झालं तर खाली सही करणार.

"मॅडम, या बुटांनी मी पळणार कशी?" त्यांनी मुख्याध्यापिकांना विचारलं.

"पळायचं कशाला? शिक्षिकेनं कसं, सावकाश चालावं."

"मी कुठं पळते हो? मुलं पळतात. मी आपली मागून जाते."

"एक तासाचा प्रश्न आहे, बाई. एक तास पळू नका म्हणावं त्यांना." मुख्याध्यापिका स्वतः कालपासूनच तो कोट घालून बसल्या होत्या आणि त्यांना हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. "साहेबांपुरतं चालवून घ्या. पत्र महत्त्वाचं की बूट?"

बुधवारी संध्याकाळी खिसेबाईंनी तो सगळा सरंजाम घरी घालून पाहिला. त्यांच्या आईने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुणाचे गं कपडे हे?"

"माझेच."

"मग तू कुणाची?" आई म्हणाली आणि कांदा चिरायला निघून गेली.

खिसेबाईंनी मग स्कार्फ कोटाला एकाच कच्च्या टाक्यावर टाचून टाकला, कुणी ओढला तर गळा न आवळता हातात यावा म्हणून. बटणं काढून आतून पट्टी लावली. ओठांवर येणाऱ्या कॉलरला पिन मारली. आपण सगळा विचार केला, अशा समाधानात त्या झोपल्या. सगळा म्हणजे, एक सोडून.

त्यांच्या वर्गातल्या सहा मुलांचा बोललेल्या शब्दांवर फारसा विश्वास नव्हता, आणि मोठ्या माणसांची बोलण्याची तऱ्हा पाहता तो त्यांचा शहाणपणाच म्हणायचा. त्यांना वस्तू कळत. टॉवेल पुढे आला की हात धुवायचे. ट्रे आला की काम. आणि सुटी? तर बाई जॅकेट काढून कपाटात टांगतात, कपाट लावतात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात, कॅनव्हासचे बूट काढतात आणि बाहेरचे घालतात. मग सुटी. घड्याळ चुकेल, घंटा बिघडेल, हे चुकत नसे. दप्तर, पाण्याची बाटली, खुर्ची उलटी करून टेबलावर, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांग, असं सगळं पाठोपाठ होई. शेवटी राही एक अकरा वर्षांची मुलगी. तिचं काम म्हणजे पंखा बंद, दिवा बंद, दाराला कुलूप. शाळा तिला किल्लेदार म्हणायची. किल्ली दोरीने तिच्याच गळ्यात असे.

गुरुवारी अध्यक्ष नऊला येणार होते, म्हणजे सव्वानऊ वाजून गेले. तोवर खिसेबाईंनी निळ्या कोटावरच आपलं जॅकेट चढवलं होतं आणि पायांत कॅनव्हास होते. सहाही जण ट्रे घेऊन मणी ओवत होते. एवढ्यात मुख्याध्यापिका दारात येऊन कुजबुजल्या, "आले, आले! बाई, काढा ते बोचकं! बूट बदला, बूट!"

खिसेबाईंनी घाईघाईने जॅकेट काढून कपाटात टांगलं. कपाट लावलं. स्टुलावर बसल्या, कॅनव्हासचे बूट काढले आणि टाचांचे घातले. पट्टा लावून त्यांनी मान वर केली, तर समोर सहा माना वर झालेल्या होत्या.

अध्यक्ष सपत्नीक आत आले तेव्हा सगळा वर्ग उभा होता.

"वा! उभं राहून स्वागत!" अध्यक्ष म्हणाले. मुख्याध्यापिकांनी सरकवलेल्या दोन खुर्च्यांवर ते दोघं बसले. मुलांनी ट्रे फळीवर ठेवले, दप्तरं पाठीला लावली, एकेक खुर्ची उचलून टेबलावर उलटी केली. कुठे आवाज नाही, धक्काबुक्की नाही. "बघितलंस? पेहरावाचा परिणाम आहे हा."

"मी म्हणत नव्हते?" पत्नी म्हणाल्या.

किल्लेदार अध्यक्षांसमोर येऊन उभी राहिली. "उठ."

अध्यक्ष कौतुकाने उठले. तिने त्यांची खुर्ची टेबलावर उलटी केली. मग पत्नींची.

खिसेबाईंच्या डोक्यात आता लख्ख उजेड पडला होता. "थांबा रे, सुटी नाही झाली! बसा, बसा खाली!" मुलांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे पाहिलं. पाय वेगळं सांगत होते. पहिल्या मुलाने रोजच्यासारखा त्यांचा हात धरला आणि रांग हलली. व्हरांड्यात नेऊन सगळ्यांना वळवू, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. पण व्हरांड्याची फरशी गुळगुळीत होती, फाटक दिसताच पहिला सुटला, आणि अडीच इंचांवर उभी असलेली बाई वळवणारी न राहता ओढली जाणारी झाली.

मागे पंखा बंद झाला. दिवा बंद झाला. दार ओढलं गेलं आणि कुलूप लागल्याचा आवाज आला. आतल्या अंधारातून अध्यक्षांचं "छान, छान" ऐकू आलं. मग दार आतून दोनदा हललं.

फाटकाशी मुलांची ने-आण करणाऱ्या मावशी होत्या. त्यांनी मुलांना बाकावर बसवलं आणि बस येणार साडेबाराला, आता वाजलेत साडेनऊ, हे मनातल्या मनात मोजून खिसेबाईंकडे नुसतं पाहिलं. खिसेबाई किल्लेदाराचा हात धरून लंगडत वर्गाच्या खिडकीशी आल्या. गजांमागे तीन चेहरे होते.

"बाई, हा काय प्रकार आहे? दुसरी किल्ली आणा!"

"नाहीये, साहेब."

"का नाहीये?"

"अर्ज केलाय. आठ महिने झाले. तुमच्याच समितीपुढे आहे." आणि समिती गजांमागे होती.

"मग हिच्याकडून घ्या!"

खिसेबाई गुडघ्यांवर बसल्या. "बाळा, किल्ली दे. दार उघडायचंय."

किल्लेदाराने त्यांच्या बुटांकडे पाहिलं. "उद्या," ती म्हणाली आणि किल्ली मुठीत धरली.

"अहो, लहान मूल आहे ते! हिसकावून घ्या ना!"

"नाही."

"काय म्हणालात?"

"दोन वर्षं ही पोर दाराला हात लावत नव्हती, साहेब. कुलपाच्या आवाजाला कान झाकून किंचाळायची. आता सगळी शाळा झोपली तरी ही कुलूप लावायचं विसरणार नाही. तिच्या हातून किल्ली ओढायची म्हटली तर उद्यापासून परत पहिल्या दिवसापासून सुरू. मी नाही ओढणार."

"तुमचं पत्र माझ्या खिशात आहे, हे विसरू नका," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या कोटाला खिसे होते.

चार वर्षं आणि चार उन्हाळे खिसेबाईंच्या डोळ्यांपुढून गेले, आणि खरं सांगायचं तर त्यांना रडू आलं. पण हात पुढे झाला नाही.

"ती म्हणतेय उद्या," त्या नाक पुसत म्हणाल्या. "तर मग उद्या आणावा लागेल. आत्ताच आणते. कपाटातलं माझं जॅकेट द्या, आणि स्टुलाखालचे बूट."

"ते बोचकं?" पत्नींनी विचारलं.

"तेच."

बूट गजांतून एकेक करून आले. जॅकेट अडकलं, कारण नऊही खिसे भरलेले होते. शेवटी अध्यक्षांनाच ते रिकामे करावे लागले. मोज्यांचे दोन जोड, ओले रुमाल, जखमेच्या पट्ट्या, साबणाच्या फुग्यांची बाटली, शिट्टी, कुणाचा तरी पडलेला दात कागदात गुंडाळून. अध्यक्ष एकेक वस्तू हातात घेत होते आणि पत्नी "अगं बाई!" म्हणत होत्या. आठव्या खिशानंतर पत्नींनी आतली शिवण उलटून पाहिली आणि बोटाने टाके मोजले.

खिसेबाई किल्लेदाराला बाकावर बसवून, जॅकेट आणि कॅनव्हास घालून फाटकाबाहेर गेल्या. दहा आकडे मोजून आत आल्या आणि बाकाजवळ उभं राहून रोजच्याच आवाजात म्हणाल्या, "गुड मॉर्निंग!" सहा जणांनी बूट पाहिले, जॅकेट पाहिलं. किल्लेदाराने एकदा आकाशाकडेही पाहून घेतलं. उद्या जरा लवकर आली होती, पण बूट खोटं बोलत नव्हते. ती उठली, रांगेच्या पुढे गेली, आणि तिने दार उघडलं.

अध्यक्ष बाहेर झेपावले, पण आत येणारी रांग सहा जणांची होती आणि तिला थांबणं माहीत नव्हतं. ते पुन्हा भिंतीला टेकेपर्यंत दार आतून बंदही झालं. वर्गात एक पळणारा होता, म्हणून शाळा भरली की किल्लेदार दारापाशीच बसे.

"उघड," अध्यक्ष म्हणाले.

"कार्ड."

"मधे बाहेर जायचं तर शौचालयाचं कार्ड लागतं, साहेब," खिसेबाईंनी दोरी लावलेलं एक मोठं चित्र पुढे केलं. "एका वेळी एकच जण."

अध्यक्षांनी दात ओठ खात ते गळ्यात घातलं. दार उघडलं. त्यांचा बेत सरळ गाडी गाठायचा होता, पण व्हरांड्यात मावशी होत्या. मावशी वीस वर्षं या कामावर होत्या आणि माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत, कार्डाकडे पाहत. त्यांनी अध्यक्षांचा दंड धरला.

"अहो सोडा! मी अध्यक्ष आहे!"

"हो रे राजा. आधी आत जाऊन ये, मग सांग."

चार मिनिटांनी मावशींनी त्यांना हात धुऊन, पुसून, वर्गात परत आणून सोडलं. किल्लेदाराने कार्ड काढून घेतलं, खिळ्याला लावलं आणि एक बुटकी खुर्ची दाखवली. "बस."

अध्यक्ष बसले. गुडघे हनुवटीपर्यंत आले. मुख्याध्यापिका केव्हाच मणी ओवायला लागल्या होत्या. अध्यक्षांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी आतल्या खिशातून ते पत्र ओढून काढलं, टेबलावर आपटलं आणि पेन उघडलं. "बाई, बघा आता. तुमच्यादेखत लिहितो. ना-मं-जूर."

पण पेन टेकायच्या आत कागदावर एक छोटं बोट आलं. किल्लेदार शेजारी उभी होती. टेबलावर कागद आला की ते काम असतं, आणि ठिपक्यांची रेघ असली की तिथे आपलं नाव लिहायचं असतं, हे शिकायला तिला एक वर्ष लागलं होतं. कागदावर खाली ठिपक्यांची रेघ होती.

"नाव," ती म्हणाली.

"बाळ, तू जरा बाजूला—"

"नाव."

अध्यक्षांनी खिसेबाईंकडे पाहिलं. पण मूल काम करून घेत असताना मधे बोलायचं नाही, हा त्यांच्या वर्गाचा नियम होता. पाच मुलं हातातलं थांबवून बघत होती. पत्नी म्हणाल्या, "अहो, लिहा ना. घरी केव्हा जायचंय आपल्याला?"

अध्यक्षांनी ठिपक्यांवर आपलं नाव लिहिलं. किल्लेदाराने वाकून तपासलं, कागद उचलला आणि दारामागच्या, झालेल्या कामाच्या टोपलीत टाकला. त्या टोपलीतलं काही परत बाहेर काढायची पद्धत नव्हती.

"अगं, तो कागद मला—"

"झालं," ती म्हणाली, आणि तिने त्यांच्यापुढे दुसरा कागद ठेवला. त्याच्यावर एक बदक होतं, रंगवायचं राहिलेलं.