वाईट नाही

गेल्या शरदात आलेल्या एका पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. पत्र लंडनहून आलं होतं, जाड कागदावर होतं, आणि त्यात एका तळलेल्या माशाबद्दल माझी क्षमा मागितली होती.

मासा मी आमच्या बंदरावरच्या दुकानात खाल्ला होता. दर शुक्रवारी खातो. तळलेला हॅडॉक मासा, बटाट्याचे चिप्स, मटारचा लगदा, पाव-लोणी आणि चहा. वाढणारी ग्लेनिस बशी ठेवते, "घे राजा, थंड करू नकोस," म्हणते आणि निघून जाते. परक्या माणसाला वेळ विचारायलाही मला धीर गोळा करावा लागतो. एवढा सहवास मला पुरतो. त्या उन्हाळ्यात दुकान लंडनच्या एका कंपनीने घेतलं आणि बशीबरोबर एक कार्ड येऊ लागलं : 'आपला अनुभव शब्दांत सांगा.' मासा त्या दिवशी विलक्षण चांगला होता. मी लिहिलं, 'वाईट नाही.'

आमच्या यॉर्कशरच्या किनाऱ्यावर याच्या वरचा शब्द नाही. नातू झाला की आम्ही 'वाईट नाही' म्हणतो. आमच्या लग्नाच्या दिवशी एडिथ चर्चच्या दारातून आत आली तेव्हा मीही तेच म्हणालो, आणि ती ते आयुष्यभर मैत्रिणींना सांगत राहिली.

कंपनीने लिहिलं होतं : 'आपणास झालेल्या क्लेशाबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. नेमके काय वाईट नव्हते, ते सविस्तर कळवावे.' मी मसुदे केले, फाडले. उत्तर गेलं नाही, तेव्हा कंपनीने माझी नोंद 'शोकाकुल ग्राहक' अशी केली आणि उपाययोजना सुरू झाली.

ग्लेनिसला हसण्याच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आलं. परतल्यावर तिने बशी हातात धरून, छताकडे बघत पाठ म्हटला, "नमस्कार. मी ग्लेनिस. आजच्या सागरी प्रवासात मी तुमची सोबतीण."

"ग्लेनिस, तुझ्या वेण्या होत्या तेव्हापासून मी तुला ओळखतो."

"माहितीये राजा. पण म्हणू दे. व्हिनेगरचा परिच्छेद अजून राहिलाय."

परिच्छेद संपेपर्यंत मासा थंड झाला. मग ती दर घासाला येऊन "सगळं मनासारखं आहे ना?" विचारू लागली. घास तोंडात असतानाच विचारायचं, असा नियम होता. अशा वेळी माणूस फक्त मान हलवतो, आणि ते संमती म्हणून धरलं जातं.

तरीही शाखेची 'भावनिक पातळी' वाढेना. टोबी नावाचा एक तरुण अधिकारी आला. महिनाअखेर सुधारणा न दिसल्यास दुकान बंद आणि ग्लेनिस घरी, असं त्याने खेदपूर्वक जाहीर केलं.

गाव हादरलं. निवृत्त मच्छीमार विल्फ टेबलाटेबलावर फिरला. "कार्डं भरा. पोरीच्या पोटाचा प्रश्न आहे. हात आखडू नका, मनापासून लिहा."

गावाने मनापासून लिहिलं. टोबी एकेक कार्ड वाचू लागला. वाईट नाही. वाईट नाही. मुळीच वाईट नाही. पाद्रीबाबांना तर भावना आवरल्याच नव्हत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'यापेक्षा वाईट खाल्लंय.'

टोबी पांढरा पडला. "इतका संघटित तिरस्कार मी कुठल्याच शाखेत पाहिला नाही."

"अहो, ते कौतुक आहे," मी म्हणालो. माझाच आवाज ऐकून मी दचकलो.

"कौतुकाच्या शब्दांची मान्य यादी आहे, सर. ती 'उत्कृष्ट'पासून सुरू होते. आणि मूळ तक्रार तुमची आहे. ती लेखी मागे घेतलीत, तर बघता येईल."

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"पुस्तकवाल्या, तुला येतात तसले शब्द," विल्फ म्हणाला.

"येतात. पण कधी वापरले नाहीत."

"मग कोरे असतील. बरंच झालं."

मी घरी बसून लिहिलं. 'अविस्मरणीय. देदीप्यमान. पहिल्याच घासाला डोळे पाणावले. चिप्सनी माझ्या जगण्याला अर्थ दिला.' एडिथला यातला एकही शब्द कधी मिळाला नव्हता, आणि इथे मी तो बटाट्याला देत होतो.

टपालपेटीपाशी ग्लेनिस भेटली. मी तिला पत्र वाचून दाखवलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"राजा," ती हळूच म्हणाली, "मासा इतका वाईट होता?"

"थंड होता जरासा. पण या पत्राने तुझी नोकरी टिकेल."

"आणि नोकरी टिकली, की तो परिच्छेद रोज म्हणायचा."

"रोज."

तिने पत्र माझ्या हातातून घेऊन पाकिटात घातलं. "टाक मग," म्हणाली.

तुम्ही हसत असाल, तर एक विचारतो. परवा कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोंखाली तुम्ही 'अप्रतिम' लिहिलंत. ते फोटो उघडून पाहिले होतेत का? उद्या कुणी ही गोष्ट कशी वाटली म्हणून विचारेल, तेव्हा माझ्यासाठी तो शब्द काढू नका. मला वाटेल, तुमच्याही डोक्यावर कुणी टोबी उभा आहे.

मी पाकीट पेटीत टाकलं.